रुळांशेजारचं सेंट मार्क्स

मा. संपादक,

इंग्लंडमधल्या स्विंडनबद्दल लिहिताना सगळे ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे इंजिनियर ब्रुनेल आणि तिथे बनणारी रेल्वे इंजिनं यांवरच थांबतात, तिथल्या सेंट मार्क्स चर्चबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. या रेल्वे कंपनीने १८४३ ला तिथे इंजिनांचं वर्कशॉप सुरू केलं, कामगारांसाठी जवळच दगडी घरांच्या रांगा बांधल्या, लांबून लांबून माणसं कुटुंबं घेऊन आली, पण जुनं गाव पार टेकडीवर आणि या नव्या वस्तीला स्वतःचं चर्चच नाही. कंपनीचे डायरेक्टर जॉर्ज हेन्री गिब्ज १८४२ मध्ये वारले, त्यांनी मृत्युपत्रात यासाठी ५०० पौंड ठेवले होते, त्यात आणखी पैसे जमवून १८४५ मध्ये चर्च उभं राहिलं. आर्किटेक्ट कोण माहितीये? जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट, म्हणजे आपल्या मुंबईच्या राजाबाई टॉवरचं डिझाइन करणारेच! हे कळल्यावर मला तर फारच आपलेपणा वाटला.

चर्च रुळांना अगदी खेटून आहे, ट्रेनच्या खिडकीतून उंच दगडी मनोरा दिसतो. वर्कशॉप १९८६ ला बंद पडलं, हजारो लोकांची रोजीरोटी ज्यावर चालायची तेच गेलं, चर्चमध्ये प्रार्थना मात्र अजून होते.

आपला,
एक वाचक