आक्का, एवढं वाचाच

ती. आक्कांना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही ‘आधी चहा टाक’ म्हणून विषय संपवता.

गेल्या महिन्यात तासगावला आमच्या दहावीच्या बॅचचा स्नेहमेळावा झाला. १९८९ ची बॅच. शाळा सुटल्यापासून काय काय केलं ते प्रत्येकानं दोन मिनिटांत सांगायचं होतं. मी सांगितलं : लग्न होऊन सांगलीत आले, एक मुलगा, एक मुलगी, सहकारी संस्थांची प्रमाणित लेखापरीक्षक आहे. टाळ्या पडल्या. एक वर्गमैत्रीण म्हणाली, “सगळं स्वतःच्या हिमतीवर केलंस बघ!” तेव्हापासून ते वाक्य टोचतंय.

शाळा आमची रयत शिक्षण संस्थेची. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे रोज वाचत आम्ही मोठे झालो. कर्मवीर अण्णांच्या वसतिगृहातली पोरं खरंच राबून शिकली. माझ्या शिक्षणासाठी मात्र राबलात तुम्ही.

१९९१ ला गावभागातल्या तुमच्या घरात मी सून म्हणून आले, तेव्हा तुम्हाला, माझ्या नणंदेला, माहेरी परत येऊन बरीच वर्षं झाली होती. का आलात ते तुम्ही कधी बोलला नाहीत आणि मी विचारलं नाही. तुम्ही मार्केट यार्डात एका अडत दुकानात पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचे हिशेब, लिहायला होता. त्या काळी तिथं लिखापढीला बाई दिसणं म्हणजे नवलच. पण तुमचं अक्षर मोत्यासारखं, आणि शेतकऱ्याच्या एका रुपयाचाही घोळ होऊ द्यायचा नाहीत. हळदीच्या हंगामात संध्याकाळी घरी यायचात तेव्हा पदराला, भुवयांना, चपलेच्या पट्ट्यालाही हळद लागलेली असायची.

एकदा तुम्ही मालकांना विचारून जुन्या पट्ट्यांच्या कार्बन प्रतींचं बाड घरी आणलंत आणि जेवणं झाल्यावर माझ्यासमोर टाकलंत. “बघ, कुठं चुकलंय काय.” पोत्यांची संख्या, वजन, भाव, मग त्यातून हमाली वजा, तोलाई वजा, खाली हातात येणारी रक्कम. मला वाटलं, तुमचं काम हलकं करायचंय. खरं तर तुम्ही माझी परीक्षा घेत होता. मी दोन चुका काढल्या, तशा तुम्ही हसलात आणि दुसऱ्या दिवशी म्हणालात, “पोरी, बारावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म भर. घरात काय सांगायचं ते मी बघते.”

आत्याबाई म्हणाल्या होत्या, “शिकून काय कलेक्टर हुणार हाय का ती?”
तुम्ही म्हणालात, “नाही झाली तर नाही झाली. बारावी तर हुईल!”

त्यानंतरची वर्षं मी मार्कशीटवरून सांगू शकते : बारावी, मग शिवाजी विद्यापीठाची बहिःस्थ बी. कॉम., मग जी. डी. सी. अँड ए. ही सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका. त्या मार्कशीटवर पहाटेच्या भाकरी नाहीत. दिवसभर दुकानात काम करून आल्यावर धाकटीला कडेवर घेऊन तुम्ही रात्री ओट्याशी उभ्या असायचात, तेही नाही. सहकार कायद्याची कलमं मला पाठ होईनात, तर तुम्ही सातवी शिकलेल्या बाईनं पुस्तक हातात धरून माझ्याकडून ती म्हणवून घेतलीत. ‘अवसायन’, म्हणजे संस्था गुंडाळणं, हा शब्द तुम्ही शेवटपर्यंत नीट उच्चारला नाहीत, पण माझं चुकलं की लगेच ओळखायचात.

तुमच्या भावाबद्दलही लिहायला हवं, नाहीतर ते रुसतील. त्यांनी माझ्या शिक्षणाला विरोध केला नाही, हे ते आजही उपकार केल्यासारखं सांगतात. मिरजेच्या एमआयडीसीतला त्यांचा कारखाना बंद पडला, तेव्हा घर माझ्या पतसंस्थेतल्या पगारावर आलं आणि आमची भांडणं वाढली. तुम्ही कुणाचीच बाजू घेतली नाहीत. फक्त मधल्या खोलीत अंथरूण घालायला लागलात. आमचा संसार टिकला त्यात मायेचा वाटा किती आणि तुम्ही मधल्या खोलीत झोपायचात त्याचा किती, हा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही.

आणि २००५ चा पूर. आयर्विन पुलाखालचं पाणी बघता बघता गल्लीत शिरलं. मी मुलांना घेऊन विश्रामबागला पुढं गेले होते. मागं घरात तुम्ही दोघं. पाणी ओसरल्यावर दार उघडलं, तर तुमची शिलाईची मशीन गाळात आडवी आणि तुमची ट्रंक फुगलेली. माळ्यावर माझी प्रमाणपत्रं, माझ्या लेखापरीक्षणाच्या फायली, सगळं प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवलेलं, कोरडं ठणठणीत. “मशीन दुसरी मिळतीय,” एवढंच म्हणालात. ती दुसरी तुम्ही कधी घेतली नाहीत, आक्का.

पुढं २०१३ ला कायदा बदलला. संस्थांना नामतालिकेतून, म्हणजे मान्य लेखापरीक्षकांच्या यादीतून, स्वतःचा लेखापरीक्षक नेमता येऊ लागला आणि माझं काम वाढलं. दूध संस्था, विकास सोसायट्या, पतसंस्था. एखाद्या गावात सचिव रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, पुढं सरकवून म्हणतो, “मॅडम, सगळं बरोबर आहे, सही करा.” मी आधी बेरीज तपासते, मग त्याच्याकडे बघते. हे मी कुठल्या पुस्तकात शिकले नाही.

माझ्या परीक्षांची फी तुमच्या भिशीच्या पैशातून गेली, हे मला परवा तुमच्या मैत्रिणीकडून कळलं. इतकी वर्षं मी समजत होते की ती यांनी भरली. यांना विचारलं, तर ते म्हणाले, “मला वाटलं, तूच भरलीस.” ते पैसे परत देऊ केले तर तुम्ही महिनाभर बोलणार नाही, म्हणून तो विषय काढत नाही.

मात्र मोतीबिंदूचं ऑपरेशन तुम्ही दोन दिवाळ्या पुढं ढकलताय. मिरजेच्या डॉक्टरांकडून मी मंगळवारची वेळ घेतली आहे. सकाळी सात वाजता रिक्षा दारात येईल. सुट्टी टाकली आहे, डबा करून ठेवणार आहे, आणि तुमच्या भावाला सांगून ठेवलंय की या वेळी आक्कांचं काही ऐकायचं नाही.

तुमची,
धाकटी भावजय