बाळूस, गोरेगावहून

गोरेगाव
10 जून 2024

चि. बाळू, अनेक आशीर्वाद.

तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. घरच्या ग्रुपमधून तर निकालावरून दादाशी भांडलास त्या मंगळवारी रात्रीच बाहेर पडलास. लांबलचक मेसेज तू अर्ध्यावर सोडतोस हे मला ठाऊक आहे, म्हणून कागद घेतला. आमरसाचं पातेलं आईने शुक्रवारपर्यंत फ्रीजमध्ये ठेवलं होतं. मग वहिनीने गुपचूप टाकून दिलं.

राजकारणावर लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. गणपतीला येणार का, हेही विचारायचं नाही.

काल इथे पाऊस आला. संध्याकाळी दिल्लीत मोदींचा शपथविधी आणि मागोमाग न्यूयॉर्कची पाकिस्तानविरुद्धची मॅच. आपले सगळे 119 मध्ये गार. दादा म्हणाला, गेली. पण बुमराहने रिझवानचा दांडा उडवला तेव्हा तो ओरडून उठला आणि सवयीने डावीकडे टाळीला हात पुढे केला. तिथे सोफ्यावरची उशी होती. सहा धावांनी जिंकल्यावर त्याने फोन काढला, काहीतरी टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं, आणि फोन उलटा ठेवून झोपायला गेला. मी विचारलं नाही.

तू त्याला गद्दार म्हणालास. तो तुला देशद्रोही म्हणाला. टीव्हीवरचे शब्द, बाळू. असले शब्द आपल्या घरात भांडतानासुद्धा कुणी कधी काढले नव्हते. दिवसभर ऐकत होतो, लोकसभेचा निकाल एकच आणि तू भाजपच्या 240 जागा धरून बसलेला, तो एनडीएच्या 293 धरून. दोघंही खरंच बोलत होतात. मग आपल्या मतदारसंघाचं सुरू झालं. मोजणी नेस्कोत, इथून रिक्षाने दहा मिनिटं. आधी टीव्हीवाल्यांनी ठाकऱ्यांचे अमोल कीर्तिकर जिंकले म्हणून सांगितलं, तू शिट्टी मारलीस. मग फेरमोजणी, आणि शेवटी शिंदेंचे वायकर 48 मतांनी. दादाने तुझ्या तोंडासमोर शिट्टी मारली. तिथून पुढचं सगळं मला आठवायचं नाहीये. तुम्ही भांडत होतात तेव्हा मी अमोलच्या वडिलांचा, गजाननरावांचा विचार करत होतो. स्वतः शिंदेंच्या सेनेत आणि पोरगा ठाकऱ्यांकडून उभा. त्या बापाने त्या रात्री कुणाकडे बघायचं?

पुण्याहून तू मतदानासाठी आलास, 20 मेच्या त्या उकाड्यात अडीच तास रांगेत उभा राहिलास, पुढच्या म्हाताऱ्या बाईंना स्वतःची बाटली दिलीस. खालच्या मजल्यावरच्यांना मी ते दोनदा सांगितलं. तुला नाही सांगितलं, आता सांगतो. तुझ्या वयात मी मत द्यायचो ते शाखेतली पोरं सांगतील तिथे. तू वाचून बोलतोस. फक्त बोलताना समोरच्याला शिकवणी घेतल्यासारखं बोलतोस. दादाने बारावीनंतर नोकरी धरली ती का धरली, हे तुला माहीत आहे. त्याला "तू वाचत काही नाहीस" असं चारचौघांत म्हणायचं नसतं. जरा विचार करून बोलावं माणसाने, जीभ एकदा सुटली की...

हे बघ, लागलो मी. राहू दे. त्यालाही तेवढंच बोललोय, तुझ्या मागे.

मी बारा वर्षांचा होतो, लालबागच्या खोलीत. तुझे आजोबा लाल बावट्याचे, नाना सेनेचे. दोघं सख्खे भाऊ, एकाच गिरणीत, एकाच पाळीला. 1970 च्या जूनमध्ये लाल बावट्याचे, म्हणजे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला आणि परळ-लालबागमध्ये जिने वाहायचे बंद झाले, म्हणजे माणसं एकमेकांच्या मजल्यावर जाईनात. मग पोटनिवडणूक लागली. देसाईंच्या पत्नी उभ्या होत्या, त्या हरल्या. वामनराव महाडिक सेनेचे पहिले आमदार झाले. नानांनी पेढे आणले. आजोबांनी पुडा घेतला, गॅलरीत गेले आणि खाली टाकला. मी बघितलाय तो पुडा पडताना, दोरा सुटला नव्हता.

त्यानंतर दोघं बोलले नाहीत. खोली दहा बाय बाराची. "नानाला सांग, गावचे तांदूळ आलेत." "भाऊंना सांग, मी बघितलेत." मध्ये मी, हातभर अंतरावर. पाळीला जायचे तेही एक पुढे, एक वीस पावलं मागे. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा दोघंही कामगार पुढारी दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले. पाच-सहा महिने गेले, घरातली भांडी जायला लागली. एका दुपारी आजोबा जिन्यात बसले होते, नाना वर येत होते. आजोबा म्हणाले, "विडी आहे काय रे?" नाना म्हणाले, "अर्धी आहे." एवढंच. बारा वर्षांनंतर. पुढच्या वर्षी नाना गावी गेले ते परत आलेच नाहीत. फुप्फुसात कापूस. दोघांना मिळालं ते दीड वर्ष.

हे सांगून तुला घाबरवायचं नव्हतं. मीच घाबरलोय.

आता एक सांगतो, आईला कळू देऊ नकोस. मतदानाला मीही गेलो, शाई लावून घेतली, तुम्ही दोघांनी बोट बघून फोटो काढलात. मशीनसमोर मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक, आतल्या पोराने "काका, झालं का?" विचारलं. धनुष्यबाण दादाचा, मशाल तुझी. इतकी वर्षं डोळे मिटून धनुष्यबाण दाबला, आणि आता धनुष्यबाण बघून कळेना तो कुणाचा. मी शेवटचं बटण दाबलं. नोटा. काचेत ती चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग खाली पडते. सात सेकंद फार असतात. आपल्या मतदारसंघात 15,000 च्या वर लोकांनी तेच केलं म्हणे, आणि निकाल 48 चा. तू मला भेकड म्हणशील. दादा आणखी काहीतरी म्हणेल. म्हणा, पण दोघांनी समोर बसून म्हणा.

गणपतीला गावी जायची तुतारी एक्स्प्रेसची तिकिटं माझ्याकडेच आहेत. मे महिन्यात तू सकाळी आठच्या ठोक्याला लॅपटॉप उघडून बसला होतास आणि दादा ओटीपी ओरडून सांगत होता, त्यातच मिळाली. दोन मिनिटांत गाडी भरली होती. आपण सहा जण एकाच पीएनआरवर. 5 सप्टेंबरची रात्र, दादरहून बाराला. गाडीचं नाव तुतारी, त्यावरूनही तुम्ही भांडाल म्हणा. तुझा बर्थ मधला, दादाचा वरचा. रद्द करायचं तर वेळेत करायला हवं, पैसे जास्त मिळतात. मी करणार नाही. तुला करायचं तर तू कर, तुझ्याच लॉगिनवर आहे. यंदा मूर्ती पाटावर ठेवायला माझे गुडघे साथ देतील असं दिसत नाही, तुम्ही दोघांनीच धरायला लागेल. विचारायचं नव्हतं ते विचारून झालंच.

बीपीची गोळी बदलली आहे. काळजीचं काही नाही. हिंजवडीत पाणी तुंबतं म्हणतात, बाईक जपून चालव.

तुझे,
बाबा

ता.क. पाकीट बंद करतानाच दादा आला. बाळूला फणसाचे गरे पाठवायचे तर खराब होतील का, असं मला विचारत होता. मी म्हटलं, मला निरोप्या करू नका, त्यालाच विचार. तो अजून फोन हातात घेऊन गॅलरीत उभा आहे.