परखड परीक्षण हवेच, पण जोड पाहून

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत दोन आठवड्यांपूर्वी एका नव्या मराठी चित्रपटाचे परीक्षण प्रसिद्ध झाले. त्यावर आमच्या पेठेत बरीच चर्चा झाली आणि पुढच्या रविवारी आपण दोन पत्रेही छापली. एका पत्रलेखकाने परीक्षकाच्या परखडपणाबद्दल त्यांची पाठ थोपटली होती, तर दुसऱ्याने मराठी चित्रपटाला मराठी वृत्तपत्राने तरी सांभाळून घ्यावे, असे सुचवले होते. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. चित्रपटाचे नाव येथे मुद्दाम घेत नाही, कारण मुद्दा त्या एका चित्रपटापुरता नाही.

आधी कबुली देतो. ते परीक्षण वाचून मी मोठ्याने हसलो, त्यातली तीन वाक्ये पत्नीला वाचून दाखवली आणि कात्रणाचा फोटो काढून मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवला. नायकाचा चेहरा भारनियमनाच्या काळातल्या ट्यूबलाइटसारखा आहे, पेटेल पेटेल म्हणेपर्यंत मध्यंतर होते, हे वाक्य दिवसभर माझ्या तोंडात होते. चित्रपट पाहण्याचा विचार मी त्याच दिवशी सोडून दिला, आणि तो का सोडला हे कोणी विचारले असते तर सांगायला माझ्याकडे त्या ट्यूबलाइटखेरीज काहीही नव्हते.

अशा लेखनाची गोडी का लागते, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. निकाल आधीच ठरवून लावलेल्या लढतीला आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात मुलाखती, दुसऱ्या पानावर जाहिरात, तिसऱ्या पानावर साडेतीन तारे आणि शेवटी 'एकदा पाहायला हरकत नाही' हा ठरलेला शेरा, असे वर्षभर वाचत आलेल्या माणसाला कोणीतरी खरोखर शड्डू ठोकून उतरलेला दिसला की बरे वाटते. तिकीट, पॉपकॉर्न आणि पार्किंग मिळून चौघांच्या कुटुंबाचे जे पैसे जातात, त्यांच्या बाजूने कोणी बोलतो आहे, असेही वाटते. हे समाधान खोटे नाही आणि परीक्षकाने ते द्यावे, असेच माझे मत आहे.

माझे वडील येथील एका स्टुडिओत सुतार होते आणि पौराणिक, ऐतिहासिक चित्रपटांचे वाडे-दरबार उभे करण्यात त्यांची उमेद गेली. एकदा एका परीक्षकाने लिहिले होते की राजा सिंहासनावरून उठला तेव्हा मागचा खांब हलला, तेव्हा या राज्याचे पुढे काय होणार हे प्रेक्षकांनी तेथेच ओळखले. घरी आम्हांला वाटले, वडील चिडतील. ते मात्र खदखदून हसले आणि म्हणाले, खांब हललाच होता, निर्मात्याने फळ्यांचे पैसेच दिले नव्हते आणि आम्ही तट्ट्यावर रंग मारून वेळ निभावली होती. त्या टोमण्याचा राग त्यांना आला नाही, कारण लिहिणाऱ्याने खांबाकडे पाहिले होते. त्याच काळातल्या दुसऱ्या एका परीक्षणात 'नेपथ्य दरिद्री' एवढे दोनच शब्द होते. ते मात्र त्यांना बरेच दिवस लागून राहिले.

हा प्रसंग आठवला म्हणून, उशिरा का होईना, मी गेल्या बुधवारी तो चित्रपट पाहिला. दुपारच्या खेळाला आम्ही अकरा जण होतो. चित्रपट चांगला आहे, असा माझा दावा नाही. उत्तरार्ध लांबला आहे, नायकाविषयी परीक्षकांनी लिहिले ते बहुतांशी खरे आहे आणि पार्श्वसंगीत संवादांवर चढून बसते. परंतु बहीण-भावाचा स्वयंपाकघरातला एक प्रसंग आहे, ज्यात दोघेही जमिनीविषयी एक शब्द बोलत नाहीत आणि तरी प्रेक्षकाला सगळा व्यवहार कळतो. तो लिहिणाऱ्याला आणि ती बहीण करणाऱ्या अभिनेत्रीला काम येते, यात शंका नाही. परीक्षणात त्या प्रसंगाचा उल्लेख नाही, छायाचित्रणाविषयी एक ओळ नाही, संकलनाविषयी नाही. शिवाय कथानक सांगताना भाऊ जमीन विकतो, असे परीक्षकांनी लिहिले आहे. चित्रपटात तो ती गहाण ठेवतो, आणि पुढचा सगळा गुंता ती सुटणार की नाही यावरच उभा आहे. ट्यूबलाइटचे वाक्य घडवण्यात जो वेळ गेला, त्यातला थोडा पडद्याकडे पाहण्यात गेला असता तर ही चूक झाली नसती, असे म्हटले तर परीक्षकांनी राग मानू नये. परखडपणाचे तेही चाहते आहेत.

परीक्षकांच्या विरोधात बोलताना 'शोले'चे उदाहरण हमखास पुढे केले जाते. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो लागला तेव्हा सुरुवातीची अनेक परीक्षणे प्रतिकूल होती आणि पुढे मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षे चालला, तेव्हा समीक्षकांना काय कळते, असा तो युक्तिवाद असतो. मला तो पटत नाही. तिकीटबारीवरून परीक्षण चूक की बरोबर हे ठरू लागले तर पडलेल्या प्रत्येक चित्रपटाची निंदा आपोआप योग्य ठरेल, आणि हे कोल्हापुरात तरी कोणी म्हणू नये. आपल्या कोल्हापूरचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांचा 'सावकारी पाश' १९२५ सालचा. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची ती कथा आज भारतीय वास्तववादी चित्रपटाची सुरुवात म्हणून सांगितली जाते, परंतु त्या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. ज्याचा कॅमेरा-स्तंभ आपण खरी कॉर्नरला उभारला आहे, त्याच माणसाचे हे काम आपण पाहू शकत नाही. ते कसे होते हे जाणण्यासाठी तेव्हाच्या माणसांनी जे लिहून ठेवले, त्यावरच विसंबावे लागते. अशा वेळी परीक्षणात चित्रपट किती उतरला आहे, याला किंमत येते. त्यात नुसत्या कोट्या असतील तर शंभर वर्षांनी आपल्या हाती फक्त कोट्या लागतात.

तिखट परीक्षणाची चटक लेखकालाही लागते, याचा मोठा दाखला म्हणजे बाबूराव पटेल. १९३५ साली मुंबईत त्यांनी 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक सुरू केले आणि बड्या निर्मात्यांना व नटनट्यांना त्यांच्या लेखणीचा धाक बसला. वाचक ते मासिक चित्रपटांसाठी घेत की बाबूरावांच्या भाषेसाठी, हे सांगणे कठीण होते. त्यांनी स्वतः १९४४ साली 'द्रौपदी' दिग्दर्शित केला, पण त्यांचे नाव राहिले ते लेखणीमुळेच. पुष्कळदा त्यांची भाषा व्यक्तीच्या रूपावर आणि खासगी आयुष्यावर घसरे, आणि तेव्हा चित्रपट बाजूला राही. तरीही एक गोष्ट त्यांच्या बाजूने मान्य करावी लागते: ते बड्यांना अंगावर घेत.

माझी खरी तक्रार येथे आहे. १९१२ पासून खासबाग मैदानात कुस्त्या होत आहेत आणि तेथे बसणाऱ्या जुन्या शौकिनाची जीभ कोणत्याही समीक्षकापेक्षा धारदार असते. पण पटाचा डाव कोठे सुटला, ढाक लावताना पाय कसा चुकला, हे सांगून तो शिव्या देतो, आणि विजोड, म्हणजे तोलामोलाची जोड नसलेली, कुस्ती लागली तर जिंकणाऱ्यालाही टाळी देत नाही. नव्या दिग्दर्शकाचा, आठवडाभरात उतरणारा, कोणाचाही वशिला नसलेला चित्रपट आपल्या परीक्षकांनी उचलून आपटला. त्याच पानावर, ज्याची पूर्ण पान जाहिरात आदल्या दिवशी होती, त्या मोठ्या हिंदी चित्रपटाला 'काही ठिकाणी रेंगाळतो, पण रंजक' एवढ्यावर सोडले. दोन्ही परीक्षणांखाली नाव एकच होते. जाहिरात आणि परीक्षण यांचा संबंध होता, असा आरोप मी करीत नाही. जोड चुकली, एवढेच म्हणतो.

दुसऱ्या पत्रलेखकाची सांभाळून घेण्याची सूचना मात्र मुळीच स्वीकारू नये. २०२४ साली तमिळ निर्मात्यांच्या एका संघटनेने नव्या चित्रपटाच्या परीक्षणांवर पहिले तीन दिवस बंदी घालावी, अशी मागणी मद्रास उच्च न्यायालयात केली होती आणि न्यायालयाने तसा मनाई आदेश दिला नाही, हे योग्यच झाले. त्याच परीक्षकांनी पुढेही लिहावे, अशीच माझी इच्छा आहे, कारण त्यांना लिहिता येते. त्यांना पुढचा एखादा शे-दोनशे कोटींचा चित्रपट द्यावा आणि तेथे हात आखडता घेऊ नये, असे सांगावे.

तूर्त, भावाने जमीन विकलेली नसून गहाण ठेवली आहे, एवढी दुरुस्ती येत्या रविवारी छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक
शिवाजी पेठ, कोल्हापूर