लॉर्ड मेयर क्रेव्हनची अर्धीच गोष्ट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लंडनच्या जुन्या व्यापाऱ्यांवरचा पुरवणीतला लेख आवडला, पण त्यात विल्यम क्रेव्हनला 'खेड्यातला गरीब पोरगा मेहनतीने लॉर्ड मेयर (म्हणजे लंडनचा महापौर) झाला' एवढ्या एका ओळीत गुंडाळलंय ते पटलं नाही, म्हणून लिहितोय.

मेहनत होतीच हो. यॉर्कशायरमधल्या ॲपलट्रीविक या छोट्या गावातून तेरा-चौदाव्या वर्षी मालाच्या गाडीत बसून लंडनला आला असं सांगतात, आणि वॉटलिंग स्ट्रीटवरच्या एका कापडवाल्याकडे उमेदवारीला राहिला. उमेदवारी म्हणजे कमीत कमी ७ वर्षं मालकाच्याच घरात राहायचं, लग्न करायचं नाही, स्वतःचा धंदा करायचा नाही. ती पुरी झाल्यावर १५६९ मध्ये मर्चंट टेलर्स कंपनीने (कंपनी म्हणजे तेव्हाचा एकेका धंद्यातल्या लोकांचा संघ) त्याला सभासद करून घेतलं आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे, कारण तेव्हा शहराचा नागरिक व्हायचं तर अशाच एखाद्या कंपनीतून यावं लागायचं, त्याशिवाय दुकान टाकायचा हक्क नाही की शहराच्या कारभारात आवाज नाही. त्यातही मेयर व्हायचा तो १२ मोठ्या कंपन्यांपैकीच एकीचा. क्रेव्हनची कंपनी त्या बारातली, इथे अर्धी लढाई जिंकली की!

पुढे ३१ वर्षं धंदा, मग १६०० मध्ये आल्डरमन (शहराच्या एका विभागाचा प्रमुख प्रतिनिधी), १६०१ मध्ये शेरीफ (कायद्याची अंमलबजावणी बघणारा अधिकारी), १६०३ मध्ये सर आणि १६१० मध्ये लॉर्ड मेयर. यातली कुठलीच पायरी फुकटची नव्हती. मेजवान्या, मिरवणुका, मोठ्या घराचा इतमाम, बराचसा खर्च पदरचा, आणि निवडून आल्यावर नको म्हटलं तर दंड भरा. बदल्यात काय, तर पावाचं वजन आणि भाव, धान्याचे साठे, प्लेगचे हुकूम, न्यायनिवाडा, सगळं डोक्यावर. ज्याच्याकडे गडगंज पैसा आहे तोच हे पेलणार, मग नुसत्या मेहनतीवर कोणीही तिथे पोचेल असं शाळेतल्या मुलांना का सांगायचं? (शेरीफ हे पद पुढे इंग्रजांनी मुंबईतही आणलं, आपण त्याला नगरपाल म्हणतो, याचा उल्लेख लेखात हवा होता.)

माणूस मात्र दानशूर, यात शंका नाही. गावाजवळच्या बर्न्सॉलला त्याने १६०२ मध्ये शाळा काढली, त्या इमारतीत आजही प्राथमिक शाळा भरते, हे वाचून मला फार बरं वाटलं.

आणि लेखात त्याच्या बायकोचं, एलिझाबेथचं नावसुद्धा नाही याचा खरंच राग आला. १६१८ मध्ये क्रेव्हन गेला, त्यानंतर एवढ्या पैशाचा व्यवहार तिने सांभाळला, मोठमोठी कर्जं दिली, जमिनी घेतल्या, आणि मुलगा पुढे अर्ल, म्हणजे बडा सरदार, झाला तो याच संपत्तीच्या जोरावर. एवढी धंद्यात मुरलेली बाई, पण तिला आल्डरमन करायचा विचारही त्या शहरात कोणी केला नसता. तिच्यावर स्वतंत्र लेख छापा ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक