१०८ वरच्या डॉक्टर मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

त्या गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं उघड लिहितेय. मे महिन्यात जिंतूरजवळच्या आमच्या गावातून माझ्या धाकट्या भावाला तुम्ही परभणीला सिव्हिलमध्ये नेलंत. वरातीत डीजेपुढे नाचता नाचता तो कोसळला होता. त्याचे मित्र म्हणायले, "काही नाही मॅडम, जास्त झालीय. झोपला की उतरंल." कुणी लिंबू पिळायलं, कुणी काळी कॉफी आणायला पळालं.

तुम्ही आधी त्याला कुशीवर वळवलं, बोटाला तो चिमटा लावला. आकडा बघितलात, कपाळ चाचपलंत. मग पोरांना बाजूला घेऊन म्हणालात, "मी पोलीस नाही. दारूशिवाय काय घेतलंय तेवढं सांगा, ओरडणार नाही." आमच्या गावातला कुठलाही मोठा माणूस आधी कानाखाली ओढून मग विचारतो. एकानं गुपचूप खिशातून बाटली काढली. मेफेन्टरमाइन! भूल दिल्यावर रक्तदाब उतरला तर तो चढवायचं औषध. जिममधली, भरतीची तयारी करणारी पोरं दम टिकावा म्हणून ते टोचून घेतात, हे मला त्या दिवशी कळलं. बाटली तुम्ही सोबत घेतलीत, त्यामुळं सिव्हिलच्या डॉक्टरांना अंदाज बांधत बसावं लागलं नाही.

गाडीत मी रडत होते, तरी तुमचं बोलणं डोक्यात पक्कं बसलं. अशा औषधानं दारू उतरत नाही, चढलेली कळत नाही एवढंच. गडी शुद्धीत वाटतो, म्हणून आणखी पितो. यकृत मात्र आपल्याच गतीनं दारू पचवतं, कितीही कॉफी पाजा. औषधाचा जोर ओसरला की पोटातली सगळी दारू अंगावर येते, श्वास मंदावतो. त्यात आमचा उन्हाळा, तासन्‌तास नाच, अंगातलं पाणी आटलेलं. हृदयाचे ठोके चुकायला आणखी काय लागतं? क्वार्टरमध्ये एनर्जी ड्रिंक ओतणाऱ्यांचीही अशीच फसगत होते म्हणालात. कोकेन आमच्या तालुक्यात कुठलं, पण दारूसोबत ते घेतलं तर यकृतात कोकाएथिलीन तयार होतं आणि ते हृदयाला जास्त घातक, हेही तुमच्याकडूनच कळलं.

भाऊ बरा आहे. बाटली काढून देणारा पोरगा अजून आमच्या घरी यायला लाजतो. आईनं त्याला दोनदा जेवायला बोलावलं. १४४४६ हा नशामुक्तीचा नंबर मी दोघांच्याही मोबाइलमध्ये टाकून दिलाय.

थंडीत ज्वारी हुरड्यात आली की ड्युटी नसेल त्या दिवशी या. आई वाट बघतेय.

तुमची,
त्याची ताई