लेकीस पत्र : परागकणांच्या कामाविषयी

अंबाजोगाई

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या विभागात परागकण आणि सूक्ष्मजीवाश्मांसाठी वेगळी प्रयोगशाळा उभी राहत आहे. तेव्हा तिथेच पीएच.डी. करावी की पुण्याला किंवा लखनौला जावे, असे तू विचारले आहेस. माझ्या मते तू तिथेच राहावेस. विद्यापीठ लहान आहे म्हणून काम हलके ठरत नाही. १९५८ साली औरंगाबादेत स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ अगदी तरुण होते, तेव्हाच तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागात डॉ. एस. टी. टिळक यांनी हवेतील परागकण आणि बुरशीचे बीजाणू यांच्या अभ्यासाला वाहून घेतले; हवा ओढून कण चिकट पट्टीवर टिपणारे त्यांचे यंत्र ‘टिळक एअर सॅम्पलर’ म्हणून ओळखले जाते.

मात्र नव्या सूक्ष्मदर्शकाच्या आनंदात एक गोष्ट मागे पडू देऊ नकोस. जुन्या मातीतून निघालेला परागकण कोणत्या झाडाचा हे ओळखायचे, तर आजच्या झाडाचा खात्रीचा कण शेजारी ठेवून ताडून पाहावा लागतो. म्हणून आपल्या भागातील वनस्पतींच्या संदर्भ स्लाइडींचा संग्रह आधी उभा कर. बाभळीचे कण एकत्र जुळलेल्या गुच्छात असतात आणि गाजरगवताचे काटेरी, त्यामुळे ती दोन्ही लवकर हाताशी येतील. ज्वारीचा कण मात्र गुळगुळीत, गोलसर आणि एकाच छिद्राचा, म्हणजे बांधावरच्या कोणत्याही गवतासारखाच दिसतो. ज्या मुलखाचे पोट ज्वारीवर भरले, तिथल्या जुन्या गाळात शेती केव्हा सुरू झाली हे सांगताना याच कणापाशी अभ्यासकाची खरी कसोटी लागते, आणि तिथे घाईने निष्कर्ष काढणे मला फार धोक्याचे वाटते.

नमुने कुठून घ्यायचे, हाही विचार कर. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, हवा आत शिरते आणि परागकण कुजून जातात. सतत पाण्याखाली राहिलेला, हवा न लागलेला गाळच उपयोगाचा. जालन्याच्या सीमेपलीकडील लोणार सरोवरातून काढलेल्या सुमारे १० मीटर गाळात गेल्या ११,००० वर्षांतील पावसाचे चढउतार सापडले, आणि त्यात शतकानुशतके लांबलेले कोरडे काळही दिसले. १९७२ चा दुष्काळ सोसलेल्या आमच्या पिढीला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. परागकणाचे बाह्य आवरण स्पोरोपोलेनिन या अतिशय चिवट पदार्थाचे असते. ते आम्लांना दाद देत नाही, म्हणूनच वाळूचे कण विरघळवून टाकण्यासाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात. त्यात डायटमांची, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म शैवालांची, सिलिकाची कवचेही नाहीशी होतात, तेव्हा त्यांच्यासाठी नमुन्याचा वेगळा भाग आधीच काढून ठेव. हे आम्ल काच खाते, म्हणून भांडी प्लास्टिकचीच हवीत. त्वचेवर पडले तर सुरुवातीला वेदना नसली तरी ते आत खोलवर भिनते आणि जिवावर बेतू शकते. चालू स्थितीतला फ्यूम हूड (घातक वाफा बाहेर ओढून टाकणारे कपाट), योग्य हातमोजे आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी असल्याखेरीज, आणि प्रयोगशाळेत दुसरे माणूस असल्याखेरीज, बाटलीचे झाकण उघडायचे नाही. मग मार्गदर्शकांना कितीही घाई असो. या वस्तू तिथे आहेत का, हे प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी स्वतः पाहून मला कळव.

तुझी,
आई