बाटल्या, चिठ्ठी आणि तू

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू इतक्या तावातावानं बोललास, की आईसमोर मी गप्पच बसलो. म्हणून लिहितो. रविवारी तू काचेच्या बाटल्या बाहेरच्या पेटीत खळाखळा टाकल्यास, तळमजल्यावरच्या बाईंनी आवाजाबद्दल दाराला चिठ्ठी चिकटवली, आणि तू निकाल देऊन मोकळा झालास: "जर्मन लोक माणूसघाणेच!" ऑक्टोबरात हेच लोक तुला देव वाटत होते. प्लास्टिकची रिकामी बाटली मशिनमध्ये टाकली की 25 सेंट परत मिळतात, हे तू मला तीनदा सांगितलं होतंस.

मावशी मानसशास्त्र शिकवते, तिनं एक गंमत सांगितली. 1955 साली लिसगार्ड नावाच्या नॉर्वेच्या अभ्यासकानं अमेरिकेत राहून आलेल्या आपल्याच देशातल्या लोकांची पाहणी केली. सहा महिन्यांच्या आत परतलेले बरे होते, दीड वर्षाहून जास्त राहिलेलेही बरे होते. मधल्यांचंच तिथं नीट जमलं नव्हतं. तुझा आठवा महिना चाललाय.

पण नुसते महिने उलटून मत बदलतं असं मला वाटत नाही. 1986 ला मी लातूरहून पुण्याला आलो, सदाशिव पेठेत खोली घेतली. "जाऊलालो" म्हटलं की मेसमधली पोरं हसायची. दुकानं 1 ते 4 बंद. मालकीणबाईंनी नळावर पाटी लावलेली: 'पाणी 6 ते 6.30. नंतर विचारू नये.' रात्री आम्ही लातूर-बीडची पाच-सहा पोरं एका गच्चीवर जमायचो आणि ज्याचा त्याचा दिवसभरातला अपमान बाहेर निघायचा. एकाचा अपमान तासाभरात सगळ्यांचा व्हायचा, वर थोडं तिखटमीठही लागायचं. दिवाळीपर्यंत पुणेकरांबद्दल मला सगळं कळलं होतं. तोवर एकाही पुणेकराच्या घरात मी पाणी प्यालो नव्हतो.

मालकीणबाईंचा हात कापायचा. नागपूरच्या मुलाला पत्र लिहून देशील का, म्हणून त्यांनी विचारलं. महिन्यातून दोनदा मी खाली जायचो, त्या सांगायच्या, मी लिहायचो. एकदा म्हणाल्या, "लिही, वरचा मुलगा लातूरचा आहे, बोलतो फार, पण अक्षर चांगलं आहे." ते मला माझ्याच हातानं लिहावं लागलं! पाटी तशीच राहिली, बाईही काही मऊ झाल्या नाहीत. पण गच्चीवर "पुणेकर असेच" सुरू झालं, की मला त्या कापऱ्या हाताची आठवण यायची आणि बोलण्यात रंग भरेना.

तुझ्या फ्लॅटमध्ये पाचही जण आपल्याकडचे. शिकवणं इंग्रजीत, भाजी-मसाला इंडियन दुकानातून. वाईट काहीच नाही, परक्या गावात आपल्या माणसांचा आधार लागतोच. पण खरं सांग, ती चिठ्ठी वाचून तू लगेच चिडलास, की चौघांनी मिळून वाचल्यावर?

इरावती कर्वे 1930 च्या सुमारास तुझ्याच त्या देशात, बर्लिनला पीएच.डी. करत होत्या. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण वेगळी, म्हणून त्यांची बुद्धीही वेगळी, असं त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांना सिद्ध झालेलं हवं होतं. बाईंनी 149 कवट्या मोजल्या आणि तसं काही दिसत नाही, असं सरळ लिहून दिलं. तू एका चिठ्ठीवरून 8 कोटींचा हिशोब लावलास.

आणखी एक. तुझं नाव वाचून एकानं खोली नाकारली, असं तू मार्चमध्ये म्हणाला होतास. तिथं "त्यांची संस्कृतीच तशी" म्हणून समजूत घालून घेऊ नकोस. तो अन्याय आहे, त्याचा राग आलाच पाहिजे, आणि विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत जाऊन तो सांगितलाही पाहिजे. पण तो माणूस आणि तळमजल्यावरच्या या बाई एका गाठोड्यात बांधू नकोस. रविवारी त्यांना शांतता हवी असते, एवढंच. आपल्या काकूही दुपारी दोनला बेल वाजवणाऱ्याला काय बोलतात, ते तू ऐकलं आहेस.

चटणी आणि मेतकूट पुढच्या आठवड्यात कुरियरनं पाठवतो. तू घरी नसलास तर ते शेजाऱ्यांकडे ठेवून जातात म्हणे. त्या बाईंचं नाव काय ते कळव. आठ महिने झाले, बेलवर लिहिलेलं असेलच.

तुझा,
बाबा